साडभाऊची झोप

तमाम अमरावतीकर, अकोलेकर आणि या दोन शहरांच्या मध्ये एसटीतून उतरून चहा घेणाऱ्या सर्व सभ्य नागरिकांना अत्यंत गांभीर्याने, उभे राहून आणि डोक्यावर टोपी असल्यास ती काढून कळवण्यात येते की, माझा साडभाऊ झोपतो.

हसू नका. बाब साधी नाही. झोपतात सगळेच. पण हा माणूस परीक्षा तोंडावर आलेली असताना, माझ्या घरी, माझ्या दिवाणावर, माझ्या पंख्याखाली, भर दुपारी झोपतो. आणि झोपतो म्हणजे कसा? अभ्यासाचं पुस्तक छातीवर पालथं पडलेलं आणि श्वासाबरोबर वरखाली होणारं. माझ्या पुस्तकाला एवढी हालचाल कधी लाभली नाही. ते माझ्या हातात असायचं आणि थरथरायचं.

साडभाऊ म्हणजे साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा. आमच्या वऱ्हाडात त्याला साडभाऊ म्हणतात, म्हणजे नावातच भाऊ घुसवून भावकीचा हेवा करण्याची सोय करून ठेवलेली आहे. माझा साडभाऊ मूळ बार्शीटाकळीकडचा, शेतीवाडीतला, आता अकोल्यात स्थायिक. माझ्याहून लहान, माझ्याहून जाड, आणि धंदा तंतोतंत माझाच. तो अकोल्यात लोकांचे प्लॉट विकून देतो, मी अमरावतीत.

तर झालं असं की, सरकारनं नियम काढला. प्लॉट-फ्लॅटचे सौदे जमवणाऱ्या प्रत्येकानं शिकवणी करायची, कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची आणि पास झाल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं. नाहीतर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर धंदा नाही. माझं निम्मं आयुष्य लोकांना उन्हात उभं करून "इथून स्टेशन किती जवळ आहे" हे सांगण्यात गेलेलं. शेवटची परीक्षा दिली होती ती बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची, आणि तीही अर्ध्यावर उठून आलो होतो. म्हणून तर या धंद्यात आलो.

त्यात माझी मान एका विशिष्ट ठिकाणी अडकलेली होती. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला शेताचे प्लॉट पाडून एक लेआउट तयार होत होतं. त्या जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती तेव्हापासून मी तिथं चपला झिजवलेल्या. मोजणीच्या वेळी मी हजर, दगड रोवताना मी हजर, मधला रस्ता कुठून न्यायचा यावर मालकाशी हुज्जत घालणारा मीच. ते लेआउट सातबाऱ्यावर मालकाचं आणि मनानं माझं होतं. आणि एक दिवस मालक पान लावता लावता म्हणाले,

"दसऱ्याले बुकिंग चालू करतो. बोर्डावर एजंटचं नाव टाकाचं तं सर्टिफिकेट पायजे आता. पास झाले तं तुमचंच नाव. नाई तं..." इथं त्यांनी सुपारी चावायला वेळ घेतला. "तुमचे अकोल्यावाले साडू हायेतच ना. ते बी देऊन राह्यले म्हने परीक्षा. चांगला शांत मानूस हाय."

शांत माणूस! ज्याला मीच एकदा हौसेनं ते लेआउट दाखवायला नेलं होतं, तो!

त्या दिवसापासून माझ्या पोटात जो गोळा आला, तो परीक्षेपर्यंत तिथंच भाड्यानं राहिला.

शिकवणीचा क्लास राजापेठेकडे, दुसऱ्या मजल्यावर. एरवी तिथं नोकरीच्या परीक्षांची तरुण पोरं बसायची, म्हणून बाकडी त्यांच्या मापाची. शनिवार-रविवारी आम्ही बसायचो, आणि आमची पोटं त्या बाकड्यांत हवा धरून बसवावी लागायची. साडभाऊला अमरावतीचाच क्लास सोयीचा वाटला. सोयीचा म्हणजे काय, तर राहायला माझं घर, जेवायला माझ्या बायकोच्या हातचं आणि झोपायला वर सांगितलेला दिवाण.

क्लासचे मास्तर वयानं आमच्यापेक्षा बरेच लहान, पण आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला कॉम्प्युटरवर सराव परीक्षेला बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालत होतं. वेळ किती झाला ते नाही, किती उरला ते दाखवत होतं. मी प्रश्न वाचायला घ्यायचा, घड्याळाकडे पाहायचं, परत प्रश्नाकडे आलो तर अक्षरं ओळखीची पण अर्थ गायब. तळहाताला असा घाम सुटला की माऊस साबणासारखा निसटत होता. कार्पेट एरिया म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला झोपेतून उठवून सांगू शकतो. त्या पडद्यासमोर मला कार्पेट म्हणजे सतरंजी एवढंच आठवत होतं.

शेजारी साडभाऊ. एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायावर ठेवलेला. जांभई देतोय. जांभई!

निकाल लागला. तो पास, मी नापास. सरावातच, पण नापास तो नापासच. मास्तरांनी माझी उत्तरं पडद्यावर उघडली, पाहत राहिले आणि मग हसू दाबत म्हणाले, "काका, तुम्ही प्रत्येक आकड्याच्या प्रश्नात मधला आकडा निवडला आहे."

मी पाहिलं. खरंच. पंधरा दिवस, तीस दिवस, साठ दिवस आणि चौथा 'यापैकी नाही' असे पर्याय असले की मी तीसवर. दोन टोकं दिसली की माझा हात आपोआप मधे जात होता. कसा जाणार नाही? विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा एक सांगतो, आणि मी मधे तोड काढतो. उभी हयात मी हेच केलं. आणि जिथं आकडे नव्हते तिथं मी "वरीलपैकी सर्व" निवडलं होतं, कारण त्यात कोणीच नाराज होत नाही.

"काका, इथं तोड काढायची नाही," मास्तर म्हणाले. "इथं तिघांना दारातून परत पाठवायचं आणि एकालाच आत घ्यायचं. आणि ते घड्याळ बघणं बंद करा. तुमची अडचण अभ्यासाची नाही, भीतीची आहे. येतं ते आधी सोडवा. नाही येत ते पुढं ढकला. छाती भरून श्वास घ्या, सावकाश सोडा."

मी छाती भरून श्वास घेतला. बाकड्यानं तो पूर्ण घेऊ दिला नाही.

घरी आलो तर बायकोनं आधी पाहुण्याला पाणी दिलं. साडभाऊला ती जवाईबापू म्हणते, धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून. "काय झालं जी जवाईबापू?"

"झालो पास," तो म्हणाला, जणू पीठ दळून आणलं.

"आन् हे?"

साडभाऊ माझ्याकडे पाहून गप्प बसला. माणसानं एवढंही समजूतदार असू नये.

जेवणात पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. तो तिसऱ्यांदा भात मागत होता आणि मी पहिला घास चावत होतो, चावतच होतो. मग तो उठला, हात धुतले, डोळ्यांवर गमछा टाकला आणि दिवाणावर डावी कूस घेऊन असा गेला, असा गेला की पंख्याचा आवाज ऐकू येईना. मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होतो. आजवर मी लोकांच्या बंगल्यांचा हेवा केला, कॉर्नर प्लॉटचा केला, एका ओळखीच्या माणसाच्या केसांचाही केला. पण कुणाच्या घोरण्याचा हेवा मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटला. आत कुठंतरी कुणीतरी मिरची भरडायला घेतली होती.

मी ठरवलं, या माणसाचा अभ्यास करायचा. पुढच्या शनिवारी मी सगळं टिपलं, डोळ्यांनीच. कूस डावी. उजवा पाय गुडघ्यात वाकवलेला. गमछा ओला नाही, कोरडा. झोपण्याआधी एक घोट पाणी आणि "चला" असा उद्गार. रविवारी संध्याकाळी तो अकोल्याला गेला आणि सोमवारी दुपारी मी दिवाणाचा ताबा घेतला. डावी कूस घेतली. उजवा पाय वाकवला. गमछा टाकला. "चला" म्हणालो.

"कुठं?" बायको स्वयंपाकघरातून.

"कुठं नाही."

"मंग चला कोनाले म्हनून राह्यले?" ती बाहेर आली आणि मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय?"

"अभ्यास."

"जवाईबापूसारखे झोपून पाहून राह्यले काय?"

मी गमछा आणखी खाली ओढला.

"त्यायचं मन शांत हाय म्हनून झोपतात ते," ती म्हणाली. "तुमी पाय वाकडा करून काय होनार? गोया तेवढा येईन पायाले." गोळा आला. पायालाही आला. म्हणजे आता पोटात एक आणि पोटरीत एक.

मी थेट त्यालाच विचारून पाहिलं. पुढच्या खेपेला क्लास सुटल्यावर आम्ही गिला वडा खायला थांबलो. गिला वडा म्हणजे दह्यात बुडालेला आमचा अमरावतीचा वडा. साडभाऊनं दोन प्लेटा मागवल्या, त्या दोन्ही त्याच्याच.

"साडभाऊ, खरं सांगा," मी म्हणालो, "तुमाले भेव नाई वाटत काय परीक्षेचं?"

"वाटते ना जी."

"मंग झोप कशी येते?"

तो दह्याचा चमचा तोंडात धरून विचारात पडला. "येते बाप्पा. मी काय करू?"

बघा! खुलासा नाही, युक्ती नाही, गुरुमंत्र नाही. श्रीमंत माणसाला विचारावं पैसा कसा आला, तर तो म्हणतो, येतो बुवा. माझी खात्री झाली की हा माणूस हातचं राखून आहे. लेआउटच्या बोर्डावर त्याचं नाव रंगवलेलं मला दिसायला लागलं. तेही पिवळ्या रंगात, माझा आवडता.

मग प्रवेशपत्रं आली आणि कॉम्प्युटरनं आपली विनोदबुद्धी दाखवली. मी अमरावतीचा, मला केंद्र दिलं अकोल्याचं. साडभाऊ अकोल्याचा, त्याला अमरावतीचं. एकच दिवस, एकच सकाळ. बायकोनं फोनवर बहिणीशी बोलून परस्पर ठरवून टाकलं, आदल्या दिवशी हे तिकडे येतील, ते इकडे येऊ द्या. आमची अदलाबदल झाली. बडनेऱ्याच्या पुढं कुठंतरी आमच्या दोघांच्या एसट्या एकमेकींच्या शेजारून गेल्या असणार. तो खिडकीला डोकं टेकून झोपलेला असणार याबद्दल मला शंका नाही.

अकोल्याला जठारपेठेकडे त्यांचं घर. पावसाळा संपलेला, ऊन असं की घराघरांतले कूलर परत सुरू झालेले. साळीनं, म्हणजे मेहुणीनं, चहा दिला. माझी साळी म्हणजे बायकोची आवाजासकट नक्कल, फक्त मला भाऊजी म्हणते एवढाच फरक. बैठकीत कूलरसमोर एक पलंग होता. त्याच्या मधोमध एक खळगा पडलेला. मी ओळखलं. हीच ती जागा. हेच ते पीठ, जिथं माझ्या प्रतिस्पर्ध्यानं तपश्चर्या केली.

"भाऊजी, पडा जरासेक," साळी म्हणाली.

मी त्या खळग्यात पडलो. अगदी मापात. डावी कूस, उजवा पाय, गमछा. "चला" मनातल्या मनात म्हणालो, आधीच्या अनुभवावरून शहाणा होऊन. कूलरची हवा थेट कपाळावर. सगळं जुळून आलेलं. आणि डोळे टक्क उघडे. पोटात भाडेकरू उठून येरझाऱ्या घालतोय. मी शेवटी उठून बसलो आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "तुमच्या नवऱ्याचं बरं हाय वं बाई. नशीबवान मानूस. पडला का झोपला."

साळी भाजी निवडत होती. तिनं हात थांबवले.

"नशीबवान?" ती म्हणाली. "भाऊजी, तुमाले कोनं सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? मी पाह्यतो ना दर शनिवारी."

"अवो, ते भेवानं झोपतात!"

मी गमछा बाजूला ठेवला.

"लहानपनापासून तसंच हाय म्हने त्यायचं," ती सांगू लागली. "भेव वाटलं का डोये मिटले. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू आन् हा मानूस अंतरपाटाच्या मांगं उभ्या उभ्या पेंगून राह्यला. मामानं चिमटा काढला तवा हार घातला माह्या गळ्यात. मोठा सौदा असला का आदल्या दिवशी दिवसभर झोपतात. अन् या परीक्षेपाई तं इचारू नका. जेवले का झोपले, पुस्तक उघडलं का झोपले. मले म्हनतात, पेपरात झोप लागली तं मी काय करू वं? माहं सारं जाईन. रोज तुमचंच नाव काढतात, भाऊजी. अमरावतीवाल्या साडभाऊचं बरं हाय म्हनतात, त्यायले भेवानं जाग तरी येते."

मी त्या खळग्यात बसून होतो. आता तुम्हाला वाटेल, माझं मन भरून आलं असेल, हेवा विरघळला असेल. काय सांगू? हेवा दुप्पट झाला. मला भीती वाटली तर संडास धरावा लागतो, पायात गोळे येतात, घास उतरत नाही. आणि याला भीती वाटली तर गाढ झोप! भीतीचंही वाटप झालं तेव्हा या माणसानं कॉर्नर प्लॉट उचलला आणि मला नाल्याकडचा तुकडा दिला. पण त्या संध्याकाळी साळीच्या हातची भाकर मात्र मी बऱ्यापैकी खाल्ली. दोन खाल्ल्या. का ते तुम्हीच ठरवा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी वेळेच्या फार आधी केंद्रावर पोचलो. फाटकाशी रांग, सगळे आमच्याच धंद्यातले. एकमेकांना ओळखत असूनही न ओळखल्यासारखे, जसे दवाखान्यात असतात. मोबाईल फाटकाशी जमा करायचे होते. जमा करण्याआधी मी बायकोला फोन लावला. म्हटलं, चार धीराचे शब्द ऐकावेत.

"झालं का पोट साफ?" हे धीराचे शब्द.

"झालं. ते निघाले काय?"

"जवाईबापू? नाश्ता केला, कपडे घालून तयार झाले, आन् पडले जरा दिवानावर. काय शांत मानूस हाय बाप्पा! असा घोरून राह्यला जसा पेपर दुसऱ्याचाच हाय. ऑटोवाल्याले सांगितलं मी, ये निवांत. पडू दे त्यायले."

मी फाटकाकडे पाहिलं. माझ्यासमोर नांदगाव खंडेश्वरचा रस्ता होता, त्यावर बोर्ड होता, बोर्डावर एकच नाव मावेल एवढी जागा होती. मी काही न बोलता फोन जमा केला असता तर जगात कुणालाच काही कळलं नसतं. बिचारा शांत माणूस, झोप लागली, असं सगळे म्हणाले असते. ही किती सुरेख कल्पना होती! मी ती पूर्ण पाहून घेतली, रंगासकट. आणि मग मला अंतरपाटामागं पेंगणारा तो माणूस दिसला.

"उठव त्याले," मी म्हणालो.

"काहून? पाच मिनिटं..."

"तो झोपला नाई! तो घाबरला हाय!"

"घाबरलेला मानूस घोरते काय?"

"हा घोरते! बहिनीले इचार तुह्या! आधी उठव!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तिकडून बायकोचा आवाज दूर गेला, "जवाईबापू! अवो जवाईबापू!" मग जवळ आला. "नाई उठत जी. हूं म्हनतात आन् कूस बदलतात."

"पानी मार! तोंडावर मार! तांब्यानं नाई, बादलीच घे!"

फाटकावरचा पहारेकरी पुढं आला. "काका, कोनाले मारून राह्यले तुमी? मोबाईल द्या इकडे."

फोन गेला. आत गेलो. आणि खुर्चीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की, माझ्या छातीत जे धडधडत होतं ते माझ्या पेपरासाठी नव्हतंच, तिकडच्या दिवाणासाठी होतं. माझ्या पेपराला हजर राहायची ती माझी भीती परगावी गेली होती.

फार काळ टिकलं नाही ते. पडदा उजळला, कोपऱ्यात घड्याळ उलटं सुटलं आणि भाडेकरू परत आला. मी खिशातून रुमाल काढला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर टाकला. देखरेखीला एक तरुण मुलगी होती. ती आली.

"काका, रुमाल काढा. पडद्यावर काही झाकता येत नाही."

"बेटा, मले ते घड्याळ दिसलं का दुसरं काई दिसत नाई."

"मग त्याच्याकडे बघू नका ना," ती म्हणाली आणि पुढं गेली. इतकं सोपं आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रुमाल काढला आणि डावा हात कपाळाला आडवा लावला, घाण्याच्या बैलाला झापड लावतात तसा. आता मला फक्त प्रश्न दिसत होता.

पहिल्याच प्रश्नात आकडे. हात मधल्याकडे निघाला. मी त्याला धरलं. मास्तरांचं बोलणं आठवलं, तिघांना दारातून परत पाठवा. मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. पहिला पर्याय वाचला आणि हळूच म्हणालो, "तुमचं जमत नाई, या तुमी." दुसऱ्याला म्हणालो, "कागद साफ नाहीत तुमचे." असं करता करता एकेक गिऱ्हाईक वाटेला लावत गेलो. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. बघू दे. जिथं अडलं तिथं पुढं सरकलो. दोनदा डोकं एकदम कोरं पडलं, तेव्हा श्वास घेतला. इथली खुर्ची मोठी होती, पूर्ण श्वास मावला. मधेच मनात येऊन जायचं, उठला असेल का तो? आणि त्याच्या मागोमाग, नसेल उठला तर काय मस्त झोपला असेल!

बाहेर आल्यावर पहिला फोन बायकोला.

"उठला काय?"

"उठले! बादली ओतली मी, दिवानासकट. कपडे बदलाले टाइम नव्हता, तसेच गेले ऑटोत, ओलेचिंब. गादी वाळत टाकली हाय मी."

संध्याकाळी साडभाऊचाही फोन आला. "साडभाऊ, काय सांगू तुमाले," तो म्हणाला. "आत एसी असा लावला होता आन् अंगात वला शर्ट. दात वाजून राह्यले होते. झोप कुठून येईन? पयल्यांदा आयुष्यात मी भेवलो आन् जागा राह्यलो. उपकार झाले तुमचे."

मी मोठ्या मनानं म्हणालो, "असू द्या." कारण मला तोपर्यंत वाटत होतं, उपकार इथंच संपतील.

काही दिवसांनी निकाल मोबाईलवर आला. मी पास! मी घरभर नाचलो. बायकोच्या हातातला झारा घेऊन तो फिरवला, वाळलेल्या गादीवर बसून दोन्ही हात आकाशाकडे केले. मग साडभाऊचा निकाल आला. तोही पास. आणि माझ्याहून गुण जास्त.

पाणी माझ्या घरचं, बादली माझी, गादी भिजली ती माझी, आणि गुण त्याला जास्त! आणि बायको म्हणते कशी, "म्या वेळेवर बादली ओतली म्हनून." म्हणजे श्रेयाचंही परस्पर वाटप झालं आणि मी तिथंही नाल्याकडे.

मालकांना पेढे द्यायला गेलो तर त्यांना बातमी आधीच कळलेली. ते खुश. "दोघंई पास? वा! मंग दोघायलेई घेऊन टाकू. अकोल्याचं गिऱ्हाईक बी येईन." मी मधे तोड काढणारा माणूस, माझ्यावरच तोड निघाली. बोर्ड रंगवला गेला. रंग पिवळाच. दोन नावं. वर त्याचं, खाली माझं, कारण रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा मालक म्हणाले, ज्याले मार्क जास्त त्याचं वरतं. मी त्या बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिलो. अक्षरं दोघांची सारख्याच उंचीची होती. मी बोटांनी मोजून पाहिली.

दसऱ्याला लेआउटवर मांडव पडला. गिऱ्हाइकं आली, काही अमरावतीची, काही खास अकोल्याहून आलेली. दोन्ही बहिणी नव्या साड्या नेसून खुर्च्यांवर, आणि त्यांच्या मधे आमची सासू. सासरवाडी तिथून जवळच, नांदगाव खंडेश्वरला, म्हणून तिला नारळ फोडायला मुद्दाम आणलेली. साडभाऊ माझ्या शेजारी उभा होता. भाषण करावं लागेल या भीतीनं त्याचे डोळे मिटायला लागले होते, आणि मी कोपरानं त्याला ढोसत होतो.

मालकांनी माईक हातात घेतला. घसा साफ केला. आम्हा दोघांना पुढं बोलावून आमच्या खांद्यांवर हात ठेवले आणि गिऱ्हाइकांकडे पाहत मोठ्या अभिमानानं जाहीर केलं की, हे आपले दोन्ही एजंट आता सरकारची परीक्षा रीतसर पास झालेले आहेत.

टाळ्या पडल्या. त्या थांबतात न थांबतात तोच सासू हातातल्या नारळासकट दोन्ही मुलींकडे वळली आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अवं माय! म्हंजे इतके वर्स हे दोघंई नापासच होते काय वं?"